नशेतला भ्रम आणि छिन्नमनस्कता : मेंदूत फरक कुठे असतो?

बीड, लातूर, परभणी भागातून रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक हल्ली एक मागणी हमखास करतात : "डॉक्टर, डोक्याचा फोटो काढा, म्हणजे हे गांज्यानं झालंय की मूळचाच आजार आहे, ते कळेल." मागणी रास्त आहे. तरीही एकट्या रुग्णाच्या स्कॅनवरून हा निवाडा करता येत नाही; तो का येत नाही, हे मला आज नीट उलगडून सांगायचे आहे.

छिन्नमनस्कतेत, म्हणजे विनाकारण संशय येणे, नसलेले आवाज ऐकू येणे अशी लक्षणे असलेल्या स्किझोफ्रेनियात, मेंदूची रचना बदललेली असू शकते, हे १९७६ साली इंग्लंडमध्ये इव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवले : मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुग्णांमध्ये मोठ्या होत्या. पुढे कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांतील करडे द्रव्य, म्हणजे मेंदूच्या पेशींचा भाग, सरासरीने कमी असल्याचेही दिसले. मात्र ही सरासरी समूहाची आहे. अनेक रुग्णांचा स्कॅन निरोगी माणसासारखाच दिसतो.

खरा उद्बोधक फरक डोपामिन या, मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या रसायनात आहे. छिन्नमनस्कतेत मेंदूच्या खोल भागातील पेशी डोपामिन मुळातच जास्त तयार करतात. अँफेटामिन हे उत्तेजक नशेचे द्रव्य घेतल्यावर साठवलेले डोपामिन पेशींबाहेर ढकलले जाते आणि संशय, कानात आवाज अशी हुबेहूब तीच लक्षणे उमटतात. गांज्याची वाट निराळी आहे : त्यातील टीएचसी हे द्रव्य मेंदूच्या पेशींवरील कॅनाबिनॉइड ग्राहकांवर (रसायन जिथे चिकटते त्या जागांवर) काम करते, आणि नियमित गांजा ओढणाऱ्यांच्या तपासणीत डोपामिनची निर्मिती वाढलेली नव्हे, उलट कमी आढळली आहे. लक्षणे सारखी म्हणून आतली घडामोडही सारखीच, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मग निदान कशावरून करायचे? माझ्या मते, सगळ्यात मोलाची माहिती आईकडे असते. "पुडी तर यंदा सापडली, पण दोन वर्षांपासून तो लग्नकार्यात येईना, कोणाच्या पंगतीला बसेना, रात्र रात्र एकटाच बोलायचा," असे ती सांगते, तेव्हा आजार नशेच्या आधीच सुरू झाला असावा, अशी दाट शंका येते. उलट, नशेनंतर अचानक उद्भवलेला भ्रम नशा थांबल्यावर बहुधा काही दिवसांत ओसरतो. महिनाभरानंतरही तो टिकला, तर निदानाचा फेरविचार करावा लागतो.

आणि तो ओसरला, तरी निर्धास्त होऊ नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात नशेमुळे सायकोसिस (भ्रम-भास होऊन वास्तवाचे भान सुटणे) झालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांना वीस वर्षांच्या काळात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचे (मनःस्थिती टोकाच्या उत्साह आणि उदासीत हेलकावणारा आजार) निदान झाले. गांज्याच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांतल्या निम्म्यांचे निदान साधारण तीन वर्षांतच झाले. म्हणून मुलगा बरा दिसू लागल्यावरही किमान तीन वर्षे त्याला तपासणीसाठी आणत राहा आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते.