बीव्हरची कॉलर आणि पाच रूबल

नमस्कार मंडळी. जेवणाआधी मला बोलायला उभं केलंत आणि मी निवडलाय एक अत्यंत नावडता माणूस. भूक मेली तर दोष रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीला द्या.

नायकाचे दोष आपण सहज पचवतो, कारण तेही भारदस्त असतात. युधिष्ठिर राज्य हरतो, तेही भर सभेत. 1864 साली आलेल्या दोस्तोयेव्हस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ या लघुकादंबरीतल्या पीटर्सबर्गच्या या बिननावाच्या माजी सरकारी नोकराचे दोष मात्र चिल्लर आहेत. यकृत दुखतंय, पण निव्वळ खुन्नस म्हणून डॉक्टरकडे जाणार नाही.

बिलियर्डच्या टेबलाशी हा वाटेत उभा असतो. एक धिप्पाड लष्करी अधिकारी याला खांद्यांना धरून, चकार शब्द न काढता, बाजूला ठेवतो नि निघून जातो. बस्स, एवढंच! हा ते वर्षानुवर्षं उगाळतो. शेवटी ठरतं : नेव्स्की रस्त्यावर समोरासमोर आलो की आपण बाजूला व्हायचं नाही. पण बरोबरीचं दिसायला हवं ना! मग काळे हातमोजे येतात, ओव्हरकोटाची कॉलर बदलून बीव्हर या प्राण्याच्या केसाळ कातड्याची बसवली जाते आणि त्यासाठी साहेबाकडून उसने पैसे घेतले जातात. अखेर एकदा डोळे मिटून हा खांद्याला खांदा भिडवतो. अधिकारी वळूनही बघत नाही. हा मात्र इटालियन गाणी म्हणत घरी!

इथपर्यंत मी दर वेळी हसतो. पुढे लीझा येते. वेश्यागृहातल्या या विशीच्या मुलीला हा सन्मार्गाचं प्रवचन देतो, घरचा पत्ता देतो. ती खरोखर येते, तेव्हा फाटक्या ड्रेसिंग गाऊनमध्ये सापडल्याच्या रागात तिला वाट्टेल ते बोलतो. तिला याचंच दुःख कळतं, ती जवळ घेते. आणि हा तिच्या मुठीत पाच रूबलची नोट कोंबतो. ती गेल्यावर चुरगळलेली नोट टेबलावर सापडते.

याला बंडखोर ठरवणारे वाचक मला पटत नाहीत. आपल्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकरही बापाचे पैसे उधळतो, काही धड करत नाही, पण धाकटी बहीण मनी गेल्यावर तो मुळापासून हलतो. भूमिगत महाशय लीझामागे बर्फात धावतात खरे, पण वाटेतच थांबतात आणि स्वतःला पटवतात, की अपमानाने ती शुद्धच होईल! अधिकाऱ्याने त्याला निदान नुसतं बाजूला ठेवलं होतं.