यशवंत घाडगे : माणगाव ते मोंतोने

नमस्कार मंडळी. वेळ थोडा आहे म्हणून सरळ मुद्द्यावरच येतो. गणपतीला कोकणात जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये आपण सगळेच कधी ना कधी अडकलोय, पण तिथे तहसील कचेरीपाशी एका जवानाचा पुतळा आहे, तो गाडीतून उतरून किती जणांनी बघितलाय? नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. जर्मन मशीनगनचा मारा अगदी जवळून सुरू झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे एकतर गेले नाहीतर जखमी झाले, उभे राहिले हे एकटेच. ते थेट मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायलाही वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दणक्यांनी मारलं. मग लपलेल्या स्नायपर्सच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच पडले. वय २२.

त्यांची समाधी कुठेच नाही हो. रोमच्या दक्षिणेला कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव कोरलंय, बस. म्हणूनच मला पुतळा, स्मारक ही नुसती शोभेची गोष्ट वाटत नाही, घरच्यांना, गावाला फूल वाहायला एक जागा तरी नको का?

इटलीत ५०,००० च्या वर हिंदी सैनिक लढले, ५,७८२ परत आलेच नाहीत. आणि २०२३ च्या जुलैमध्ये उंब्रियातल्या मोंतोने या छोट्या गावाने भारतीय दूतावासाबरोबर यशवंतरावांच्या नावाने स्मारक उभं केलं, तेही सूर्यघड्याळाचं! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मला विचाराल तर कल्पना फार मोठी आहे, कारण त्याच मातीत मारलेली जर्मन पोरंही कुणाची तरी होतीच. पण म्हणून माणगावच्या पुतळ्याचं मोल कमी होत नाही, तिथल्या शाळेतल्या मुलांना आपल्याच तालुक्यातला माणूस डोळ्यांसमोर दिसायला हवा, तिथे पुतळाच पाहिजे.

तर माझी कमिटीला विनंती आहे, दरवर्षीच्या समर ट्रिपमध्ये स्वित्झर्लंड वगैरे होतंच, येत्या १० जुलैला मोंतोनेला जाऊया. पेरुजापर्यंत ट्रेन, पुढे गाडी करू. पोरांना नक्की न्या, जाताना त्यांना वरची हकीकत मराठीतून सांगा, आणि हार आपणच करून नेऊ. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणानंतर सेक्रेटरींकडे नाव द्या, इटालियन बोलता येणारं कुणी असेल तर ते आधी सांगा, गावच्या नगरपालिकेला पत्र लिहायचंय.