तो मळ नाहीये

सकाळचे सहा. लालबागची चाळ. मोरीत आई पोरीची मान घासतेय. आधी बेसन-लिंबू झालं, मग पार्लरवालीनं सांगितलेलं क्रीम, आता घासणी. "आई, दुखतंय गं" म्हणते तरी हात थांबत नाही, कारण आईला वाटतं चौदा वर्षांची झाली तरी हिला नीट आंघोळ करता येत नाही.

ही मान जरा जवळून बघा. वळ्यांमधली कातडी जाड झालीय, मखमलीसारखी, काळसर. काखेतही तसंच. डॉक्टर याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. वजन वाढलेल्या मुलांमध्ये हे दिसलं की बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक) जास्त असतं, तेच कातडीच्या पेशी वाढवतं. घासून कसं जाणार ते? पोरीला घाणेरडी म्हणणं आधी बंद करा, आणि ही मान बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शाळा सुटली की दादरला क्लास, मधल्या वीस मिनिटांत वडापाव आणि थंडा. ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते, ही बघा, ताटलीत काढून ठेवलीय. मग रात्रीपर्यंत बाकावर बसून.

पोटातली चरबी नुसती पडून नसते. तिच्या पेशी फुगत जातात, ऑक्सिजन पुरत नाही, काही मरतात, मग त्या साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडत राहतात. ताप नाही, ठणका नाही, पण आतल्या आत सूज धुमसतेय. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हे रसायन अडवलं की इन्सुलिनचं काम सुधारतं. ते अडवलं नाही तर स्नायू, लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासे होतात आणि स्वादुपिंड बिचारं अजून अजून इन्सुलिन सोडत बसतं. वयात येताना हे तसंही थोडं होतंच, त्यात ही भर. म्हणून तर उपाशीपोटीची शुगर ९२ येते, घरचे म्हणतात नॉर्मल आहे, सुटलो. मान मात्र कधीपासून सांगतेय.

पुढे डायबेटिस, फॅटी लिव्हर, मुलींना पाळीचा त्रास, हे सगळं लवकर येऊ शकतं.

आता आईनं शिवणाच्या डब्यातून दोरा काढलाय. पोरीच्या उंचीएवढा तोडला, दुहेरी केला, कमरेभोवती धरला. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तर टोकं भेटतात.

चार बोटं कमी पडतायत.