‘आम्हाला काय कळतंय बाई’ म्हणणाऱ्या पालकांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कर्नाटकातल्या शाळांची घंटा मे महिना सरता सरताच वाजते. पलीकडं महाराष्ट्रातली, चंदगड-गडहिंग्लजकडची मामेभावंडं अजून फणसाचे गरे खात बसलेली असतात, जूनचा अर्धा महिना त्यांचा मोकळा असतो. आपली पोरं मात्र दप्तर लावून बाहेर. या अन्यायाबद्दल ती दरवर्षी घरात रुसतात आणि त्याच दिवसांत आईवडील दाखले, वह्या, रेनकोट यांचे हिशेब करत शाळेच्या व्हरांड्यात उभे असतात. मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. या व्हरांड्यात पालकांशी गप्पा होतात, पोराचं कुठं अडतंय ते मी सांगते, आणि निघताना बहुतेक जण एकच वाक्य बोलतात. “आम्हाला काय कळतंय बाई त्यातलं, तुम्हीच बघा.”

आज मला या वाक्याशी थोडं भांडायचं आहे. बोलणाऱ्याचा त्यात नम्रपणा असतो, मास्तरांविषयी मान असतो, हे मला माहीत आहे. पण ते वाक्य पोराच्या कानावर पडतं. आपलं शिक्षण म्हणजे घरच्यांना न कळणारं काहीतरी आहे, घरात त्याबद्दल बोलून उपयोग नाही, असं ते मनात धरून बसतं. पुढं पाचवी-सहावीत गेलं की पालकच विचारतात, हा काही सांगतच नाही, असं कसं?

एक उदाहरण घेऊ. दुसरीतल्या मुलाला म्हणा, “पंचवीस लिही.” पुष्कळ मुलं ५२ लिहितात. घरी वडिलांनी हे बघितलं की टपली बसते, “लक्ष कुठं आहे?” लक्ष होतं हो. लक्ष होतं म्हणूनच चुकलं. त्यानं ‘पंच’ आधी ऐकलं, म्हणून पाच आधी लिहिला. ‘वीस’ नंतर ऐकलं, म्हणून दोन नंतर. मराठीत वीसच्या पुढं आपण एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. एकोणतीसची तर आणखी गंमत, बोलताना तीस आणि लिहिताना दोन-नऊ. पोरानं करायचं काय?

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. माझ्या मते पंचवीस टाकून देण्याचं काही कारण नाही, पण पोर कुठं ठेचकाळतं हे त्या पुस्तकानं बरोबर हेरलं होतं. आणि आपल्या सीमाभागात तर याला औषध गल्लीतच आहे. शेजारच्या कन्नड घरातलं पोर पंचवीसला ‘इप्पत्तैदु’ म्हणतं, म्हणजे आधी वीस, मग पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं. आमच्या वर्गातली मुलं खेळताना दोन्ही भाषांत मोजतात, ते मी मुद्दाम गणिताच्या तासाला करून घेते. उदबत्तीच्या संपलेल्या काड्या आणायच्या, दहा-दहाच्या गड्ड्या रबर लावून बांधायच्या. दोन गड्ड्या आणि पाच सुट्या समोर ठेवायच्या. मराठीत म्हण, कन्नडमध्ये म्हण, आता लिही. गड्ड्या डावीकडं, सुट्या उजवीकडं. काही दिवसांत बावन्न-पंचवीसची भानगड मिटते. हे घरी करायला कुणाला बीएड लागतं? ज्या आजीला सही येत नाही तिलाही काड्या मोजता येतात, आणि बाजारात कन्नडमधून घासाघीस करून तिचे आकडे माझ्यापेक्षा पक्के असतात.

आता थोडं मोठ्या मुलांकडं येते. आपल्या पश्चिम भागात, उचगाव-बेकिनकेरेच्या बाजूला, रताळ्याचं पीक घरोघर. पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डात जातात आणि संध्याकाळी वडील खिशात पट्टी, म्हणजे दलालानं दिलेला विक्रीच्या हिशेबाचा कागद, घेऊन येतात. ती पट्टी घडी करून देवळीत ठेवली जाते. माझं म्हणणं, ती आधी सहावी-सातवीतल्या पोरीच्या हातात द्या. समजा सहा पोती गेली, वजन भरलं ३१२ किलो, दर लागला क्विंटलला १८०० रुपये. किती झाले? वर्गात हेच गणित फळ्यावर घातलं की दोन-चार मुलं तरी ३१२ ला १८०० नं गुणतात आणि पाच लाख एकसष्ट हजार सहाशे असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारतात. कुणालाही काही वाटत नाही. वहीतले पैसे कुणाचेच नसतात ना! तेच उत्तर घरी बापासमोर वाचलं की बाप हसतो, “पाच लाख? उद्याच ट्रॅक्टर आणू की!” आणि पोरगी थबकते. क्विंटल म्हणजे शंभर किलो, हे तिला तेव्हा आठवतं. ५६१६ येतात, त्यातून हमाली वजा करायची, तोलाई वजा करायची, आणि दलालानं खाली लिहिलेला आकडा जुळतो का बघायचं.

उत्तर बरोबर येण्याआधी ते पटण्यासारखं आहे का, हा अंदाज यावा लागतो. गणितातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती शिकवायला माझ्या फळ्यापेक्षा तुमची पट्टी बरी. शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या घरात तीच गोष्ट, एका साडीला किती सूत, किती मजुरी, महिन्याचं लाइटबिल किती. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आईच्या हजारीचा, म्हणजे हजार विड्यांमागच्या मजुरीचा हिशेब. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवलं हे आपण अभिमानानं सांगतो, त्याच्या स्मारकाला, वीरसौधला मुलांची सहल नेतो. त्याच गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, हातातल्या कामातून शिकावं म्हणून. सहलीत हे कुणी सांगत नाही.

पण एक इथंच सांगून ठेवते. कामातून शिकणं म्हणजे वेल लावायच्या दिवसांत पोराला चार दिवस शाळा बुडवून शेतात नेणं नव्हे. रविवारी न्या, संध्याकाळी न्या. जत्रेच्या आठवड्यात तर आमचे वर्ग निम्मे रिकामे असतात. एकदा अपूर्णांकाचा आठवडा बुडाला की पुढं शेकडेवारीत रडतं ते पोर, आणि सगळे म्हणतात याचं गणित कच्चं.

पाठांतराबद्दल हल्ली दोन टोकं दिसतात. काहींच्या मते पाठांतर म्हणजे पोपटपंची, आणि काही क्लासवाले उत्तरांची गाईडंच्या गाईडं पाठ करून घेतात. मला आमच्या गावातलं भजन आठवतं. आठ ओळींची कविता ज्याच्या तोंडात बसत नाही, तोच मुलगा संध्याकाळी देवळात टाळ घेऊन हरिपाठ न अडखळता म्हणतो. तिथं तो पुस्तकात बघत नाही. रोज थोडं, मोठ्यानं, सगळ्यांबरोबर, मध्ये एक रात्र जाऊ देऊन, आणि विसरलं की शेजारच्याचं ऐकून पुन्हा धरायचं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हेच मोजून दाखवलं होतं. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांची अंतरं ठेवून केलेली उजळणी कमी कष्टात टिकते. आपल्या वारकऱ्यांना हे सांगायला जर्मनीहून कुणी यावं लागलं नाही, ते सोडा.

तेव्हा घरात एवढं करा. रात्री जेवताना “अभ्यास केलास काय?” हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर ‘केलो’ हेच असतं. पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, “आज विज्ञानात काय झालं ते सांग मला.” पोरानं सांगताना अडलं पाहिजे, डोकं खाजवलं पाहिजे. बघून दहा वेळा वाचताना सगळं येतंय असं वाटत असतं, न बघता सांगायला गेलं की खरं काय ते उघडं पडतं. तुम्हाला प्रकाशसंश्लेषण माहीत नसलं तर उलट उत्तम, पोराला तुम्हाला समजेल असं सांगावं लागेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, आठवड्यानं पुन्हा. मोबाइलबद्दल वेगळं बोलत नाही, त्या पाच मिनिटांत तो तुमच्याही हातात नसावा, इतकंच.

आता माध्यमाचा विषय. तो टाळून सीमाभागातल्या शिक्षकाला बोलताच येत नाही. सकाळी साडेसातला गावात इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅन येतात आणि टाय लावलेली चिमुरडी त्यांत कोंबून नेली जातात. आईबापांची तळमळ मला समजते. इंग्रजीशिवाय पुढं अडतं हे त्यांनी स्वतः सोसलेलं आहे. पण पहिलीतलं पोर घरी येऊन ज्या भाषेत अभ्यास सांगणार, ती भाषा ऐकणारं घरात कुणी नसेल, तर वर सांगितलेलं एकही काम होत नाही. मग ट्यूशन. मग ट्यूशनवाल्या ताई उत्तरं लिहून देतात, पोर उतरवून काढतं, आई शाईचं पान बघून समाधान मानते. निदान प्राथमिक वर्ग तरी घरच्या भाषेत व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्यघटनेनंही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी असं कलम ३५० अ मध्ये म्हटलं आहे. ते कलम सातव्या घटनादुरुस्तीनं १९५६ साली आलं, म्हणजे भाषावार राज्यं झाली आणि आपण म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात आलो त्याच वर्षी.

पुढची गोष्टही बोलते, कुणाला लागली तर लागू दे. मराठी शाळा वाचवा म्हणून भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांची आणि आम्हा शिक्षकांची मुलं कुठल्या शाळेत जातात, हे गावातला पालक बरोबर बघत असतो. त्याला दुसऱ्या कुठल्या पत्रकाची गरज लागत नाही. आणि मराठी शाळेत घालायचं म्हणजे कन्नडकडं पाठ फिरवायची, असाही अर्थ कुणी काढू नये. तहसीलदार कचेरीत, बँकेत, बसच्या पाटीवर, नोकरीच्या परीक्षेत कन्नड आहेच. आपल्या एसएसएलसीत, म्हणजे दहावीच्या परीक्षेत पहिली भाषा आहे, तशी दुसरी आणि तिसरी भाषाही आहे. मराठीत पक्कं झालेलं पोर बाकीच्या भाषा भराभर उचलतं, हे मी वर्गात बघत आले आहे. पुस्तकी कन्नडला घाबरणारी मुलं क्रिकेटच्या मैदानावर कन्नडमधून अस्सल भांडतात. ते भांडण वहीत कसं उतरवायचं एवढंच आम्ही शिकवायचं उरतं.

पालकांच्या जबाबदारीवर कायदाही बोलतो. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईवडिलांचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं होतं. मधला काळ तुम्हीच मोजा.

शिक्षण हक्क कायद्यानंच शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात असं सांगितलं. आपल्याकडं तिला एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती म्हणतात. कागदावर बायका असतात, बैठकीला मात्र पुष्कळ ठिकाणी त्यांचे नवरे येतात आणि रजिस्टर सहीसाठी घरी जातं. चर्चा होते ती कंपाउंड वॉल, गेट, रंगकाम आणि पंधरा ऑगस्टच्या पाहुण्यांवर. ती कामंही हवीत, नाही म्हणत नाही. पण शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम आहे, आणि त्यात पोरांच्या शिकण्यावर प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पुढच्या बैठकीला आयांनी स्वतः यावं. दुपारच्या जेवणाची चव बघायला येता, तशा एका वर्गात मागच्या बाकावर येऊन बसा. तिसरीतलं एखादं पोर बोलवा, त्याला गोष्टीचं पुस्तक द्या, कुठलंही पान उघडा आणि वाचायला सांगा. मग आम्हाला विचारा, किती मुलं असं वाचतात, जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही काय करताय, आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्यातली किती वाचायला लागतील? आम्ही जरा गडबडू, एखादे सर चिडतीलही. तरी विचारा, आणि उत्तर रजिस्टरात लिहून घ्या. सही त्याच्या खाली करा.

नमस्कार.