चारही जमिनींनी वचन ऐकलं, मग फळ एकीलाच का?

नमस्कार, जय ख्रिस्त!

इंदूरमधल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती घरात रविवारी जेवणाच्या ताटावर विचारून बघा, "आज उपदेश कशावर होता?" उत्तर येतं, "छान होता." कशावर होता, ते कोणी सांगत नाही. गाणी किती लांबली, कोण आलं नव्हतं, माईक कसा शिट्ट्या मारत होता, हे मात्र सगळं लक्षात असतं.

तर आज वचन ऐकणं म्हणजे नेमकं काय, ते बघू. पवित्र शास्त्र घ्या आणि मार्कचा 4 था अध्याय काढा. चर्चमध्ये वचन हिंदीतून ऐकत असाल, तर तिकडचं 'मरकुस' म्हणजे आपलं मार्क आणि 'याकूब' म्हणजे याकोब. घरी शोधताना बरेच जण इथेच अडतात.

पेरणाऱ्याचा दाखला (दृष्टांताची गोष्ट) 3 ते 9 वचनांत आहे: पेरलेलं बी वाटेवर, खडकाळीवर, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडतं. बी म्हणजे देवाचं वचन, आणि येशूने स्वतः सांगितलेला अर्थ 14 ते 20 मध्ये. तो अर्थ पेन्सिल घेऊन वाचा आणि 'ऐकणे' जिथे येईल तिथे खूण करा. वाटेवरचे ऐकतात. खडकाळीवरचे तर आनंदाने ऐकतात. काटेरी झुडपांतलेही ऐकतात. न ऐकणारा असा यात कोणीच नाही. पेरणारा एकच, बीही एकच. त्यामुळे "आमचे पाळक नीट समजावत नाहीत" ही तक्रार इथे फारशी टिकत नाही.

वाटेवरच्या बियाला पाखरं लगेच टिपतात. खडकाळीवरचं बी उगवतं, पण मूळ नसल्यामुळे छळ किंवा संकट आलं की वाळतं. शिबिरातला उत्साह दोन आठवड्यांत का ओसरतो, ते इथे कळेल.

आपलं खरं दुखणं तिसऱ्या जमिनीत आहे. तिथे रोप मरत नाही, त्याची वाढ खुंटते. येशू कारणं तीन सांगतो: संसाराची चिंता, धनाचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ. चर्च सुटत नाही, दशांश (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं) चुकत नाही, घरात क्रूस टांगलेला असतो. फक्त फळ येत नाही. असा माणूस बाहेरून अगदी धार्मिक दिसतो, म्हणून त्याला कोणी टोकतही नाही.

चौथी जमीन तीसपट, साठपट, शंभरपट देते. लूक 8:15 मध्ये तिच्याबद्दल दोन गोष्टी जास्तीच्या आहेत: ते लोक वचन धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. म्हणजे धरून ठेवायची सवय लावावी लागते.

ती अशी लावा. रविवारचाच उतारा आठवडाभर ठेवा, रोज नवा नको. आठ ते बारा वचनं पुरेत. मोठ्याने वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, म्हणून दोनदा वाचा. मोठ्याने का? मनात वाचताना ओळखीच्या ओळींवरून डोळे नुसते घसरतात. मग वहीत तीन ओळी लिहा: इथे देव काय करतो, माणसाला काय करायला सांगतो, आणि मला यातलं काय टोचलं. तिसरी ओळ रोज कोरी राहत असेल, तर समजा की आपण शेजाऱ्यासाठी ऐकतोय.

आणि शनिवारच्या आत त्यातलं एक काम करा. याकोब 1:22 स्पष्ट सांगतं की जो नुसता ऐकतो तो स्वतःलाच फसवतो. लगेच पुढच्या अध्यायात याकोब उदाहरणही देतो: सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीब येतो. एकाला चांगली जागा, दुसऱ्याला "तिकडे उभा राहा". मे महिन्यात आपल्या चर्चमध्ये कूलरसमोरच्या खुर्च्यांवर कोण बसतं, ते जरा बघा. वचन तिथपर्यंत पोचायला हवं.

कधी ते फार दूरवर नेतं. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधली. 'शत्रूंवर प्रीती करा' हे मत्तय 5:44 आपण सगळ्यांनीच ऐकलंय. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

आता चुका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक वचन उचलून स्टेटसला लावणं. परीक्षेच्या दिवसांत भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना यिर्मया 29:11 किती वेळा फॉरवर्ड होतं! 'तुमच्या हिताचे संकल्प' वगैरे. त्याच्या आधीचं 10 वं वचन वाचा: तिथे 70 वर्षं लिहिलीत. बाबेलात बंदिवासात गेलेल्यांना ते पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात आहे. पुढच्या महिन्यातल्या निकालाची हमी त्यात नाही.

दुसरी चूक म्हणजे "देवाने मला सांगितलं" म्हणून लग्न ठरवणं नाहीतर पैसे गुंतवणं. मंदिरात वाढणाऱ्या बाळ शमुवेलाला देवाने हाक मारली, तेव्हा त्यालाही ती कोणाची ते कळलं नव्हतं. तिन्ही वेळा तो म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला. एलीने ओळखलं, तेव्हा चौथ्या हाकेला त्याने उत्तर दिलं. बिरुयातले लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात ताडून बघत, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. तेव्हा असा 'आवाज' आला की उतारा पूर्ण वाचा आणि दोन जाणत्या माणसांना विचारा. ती दोघं तुमच्या होला हो करणारी नकोत.

राहिली स्तोत्रं. स्तोत्र 13 मध्ये 'हे करा' अशी आज्ञाच नाही, दावीद विचारतो, "किती काळ?" तिथे वहीतली दुसरी ओळ सोडून द्या आणि तेच शब्द आपल्या घरातल्या आजारपणाचं, कर्जाचं नाव घेऊन देवाला म्हणा. सहाच वचनं आहेत, आज रात्री म्हणता येतील.