सिंकखालचं क्रशर आणि भिंतीमागचा पाइप

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक हे खोललेलं क्रशर, म्हणजे सिंकखाली बसणारं फूड वेस्ट डिस्पोजर. दुसरा हा वीतभर फ्लेक्सिबल वेस्ट पाइप, सिंकखालून काढून उभा चिरलेला. आधी पाइपच बघा. त्याच्या प्रत्येक चुणीत तेलाचा राखाडी थर बसलाय, त्यात मोहरीचे दाणे आणि भाताची शितं रुतलीत. क्रशर नसतानाची ही अवस्था. यातूनच दळलेला लगदा सोडला तर महिन्याभरात सिंक तुंबेल आणि दोष यंत्राच्या माथी जाईल. म्हणून क्रशर घ्यायचं मनात आलं, तर दुकानात जाण्याआधी आपल्या सिंकचं पाणी कुठं जातं ते शोधा.

बेळगाव शहरात यूजीडीला, म्हणजे जमिनीखालच्या बंद गटाराला, नीट जोडलेलं घर असेल तर पुढं बोलू. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत काही घरांच्या सिंकचं पाणी अजून उघड्या गटारात पडतं. तिथं क्रशर बसवू नका. घरातलं खरकटं बारीक करून दारासमोर कुजत ठेवल्यासारखं होईल, डास आणि घुशी दोन्ही वाढतील. खानापूर, निपाणीकडं सिंकचं पाणी परसात केळी-नारळाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडतात. लगद्यानं शोषखड्ड्याची छिद्रं बुजतात आणि पाणी जिरायचं थांबतं. सेप्टिक टँक असेल तर गाळ लवकर साचतो, उपशाची वेळ अलीकडं येते. लहान टाकीला हा भार देऊच नये. आणि गल्लीतलं कुणी म्हशीसाठी मुसरं नेत असेल तर ते खुशाल देत राहा. त्यापेक्षा चांगला उपयोग कुठलंही यंत्र करू शकत नाही.

हे यंत्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदानं १९२७ साली तयार केलं. पण न्यूयॉर्क शहरात जुन्या गटारांच्या काळजीपोटी त्यावर वर्षानुवर्षं बंदी होती, ती १९९७ साली उठली. तिथल्या कारभाऱ्यांनीही यंत्राआधी गटाराचा विचार केला, तोच आपण करतोय.

आता आत बघा. मिक्सरसारखं पातं कुठंच नाही. तळाशी ही गोल फिरती चकती, तिच्यावर हे दोन सुटे लोखंडी ठोकळे, आणि भोवती खाचांची स्थिर कडी. चकती फिरली की खरकटं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि कडीवर घासून बारीक होतं. पाण्याबरोबर वाहण्याइतके कण झाले की ते खाली उतरतात. पाणीच नसेल तर दळलेलं जागेवरच चिकटून बसतं.

चौघांच्या शाकाहारी घराला अर्ध्या एचपीची मोटर पुरते. मासळीचे काटे, कोंबडीची बारीक हाडं नेहमी असतील तर पाऊण किंवा एक एचपी घ्या. मटणाची नळी कशातच टाकू नका. परदेशातल्या नातेवाइकांनी ११० व्होल्टचं यंत्र आणून दिलं तर ते आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, मोटर जळेल.

बसवताना आधी सिंकचं भोक मोजा. बहुतेक क्रशरना ९० मिलिमीटरचं, म्हणजे साडेतीन इंची भोक लागतं. आपल्याकडच्या काही सिंकना मोठ्या जाळीसाठी त्याहून मोठं भोक असतं, तिथं अडॅप्टर कडी लागते. पत्रा पातळ असेल तर यंत्राच्या वजनानं आणि थरथरीनं जोड सैल होतो. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा उत्तम. खाली कडप्प्याचे कप्पे असतील तर क्रशर मावतं का तेही मापून घ्या. गॅस सिलिंडर त्याच कप्प्यात ठेवत असाल तर आधी त्याची जागा बदला. सिलिंडर आणि विजेचा सॉकेट एका बंद कप्प्यात नको.

जुनं वेस्ट कपलिंग काढून भोकाची कड कोरडी पुसा. फ्लँजच्या, म्हणजे भोकात वरून बसणाऱ्या धातूच्या तोंडाच्या, खालच्या अंगाला प्लंबर पुटीची करंगळीएवढी वळी लावा. पुटी नाही मिळाली तर सिलिकॉन चालतं, पण मग २४ तास पाणी सोडू नका. फ्लँज वरून दाबून बसवा. खालून रबरी गॅस्केट, मग आधाराची कडी, मग तीन स्क्रूंची माउंटिंग कडी चढवा आणि स्प्रिंगची रिंग खाचेत सरकवा. तिन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला की फ्लँज तिरका बसतो आणि गळती तिथूनच सुरू होते. मग यंत्र उचलून कडीत फिरवून अडकवा. ते पाच ते दहा किलोचं असतं, खाली उलटी बादली किंवा पाट ठेवून टेकू द्या.

बाजूला डिशवॉशरची नळी जोडायला तोंड असतं, त्यात प्लास्टिकचं बूच असतं. डिशवॉशर जोडणार असाल तरच ते स्क्रूड्रायव्हर-हातोडीनं फोडा आणि आत पडलेला तुकडा काढून घ्या. ते फोडायचं राहिलं तर डिशवॉशरचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

आता पाइप. चुणीदार पाइप काढून टाका आणि ४० मिलिमीटरचा गुळगुळीत पीव्हीसी घाला. पी-ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून वास थांबवणारा वाकडा पाइप, लावा, बाटली ट्रॅप नको, कारण त्याच्या तळाशी लगदा साचतो. आडव्या पाइपला मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्या. भिंतीतलं तोंड क्रशरमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडापेक्षा खाली हवं. नेहमीच्या उंचीचा ओटा असेल तर ते जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. वर गेलं तर यंत्रात पाणी उभं राहतं, वास येतो आणि पुढं सील जातं. बऱ्याच घरांत हे तोंड वर असतं, तेव्हा भिंत फोडून खाली घेण्याची तयारी ठेवा. हा खर्च टाळून यंत्र बसवलं तर पुढं रोजचा त्रास आहे.

वीज अर्थिंगसह तीन पिनांचीच हवी आणि लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. स्विच ओल्या हाताच्या टप्प्यात नको. हवेच्या बटणाचा स्विच मिळतो, त्यात बोटापर्यंत वीज येतच नाही, तो सगळ्यात बरा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मात्र चालवू नका. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते.

वापरताना आधी गार पाण्याचा नळ सोडा, मग यंत्र, मग मूठ-मूठ खरकटं. दळण्याचा आवाज मोकळा झाल्यावरही अर्धा मिनिट पाणी चालू ठेवा. नळातून मिनिटाला सात लिटर येत असेल तर दिवसातून दोन मिनिटांना चौदा लिटर लागतात. चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात हा हिशेब आधी करा. गरम पाणी का नको? तूप-तेल वितळून पुढं जातं आणि गार पाइपात गोठतं. गार पाण्यात ते घट्ट राहतं आणि दळून वाहून जातं. तळणीचं तेल तर थंड पाण्याबरोबरही ओतू नका.

कांद्याची वरची पापुद्री आणि लसणाच्या साली न दळता चकतीशेजारून निसटतात आणि ट्रॅपमध्ये जाळीसारख्या बसतात. त्यावर चहाचा चोथा अडकतो आणि पाणी थांबतं. कोथिंबिरीच्या लांब काड्या, शेवगा, केळीची सोपं, कणसाच्या साली चकतीभोवती गुंडाळतात. आंब्याची बाठ, नारळाची करवंटी आणि शेंडी वर्ज्य. फणसाचा चीक तर आत गेलाच नाही पाहिजे. भात आणि परातीला लागलेलं पीठ थोडं थोडं टाका. एकदम टाकलं तर पाण्यात फुगून खळ होते.

बिघाड ऐका, म्हणजे शब्दशः ऐका. गुणगुणतंय पण फिरत नाही, तर काहीतरी अडकलंय. लगेच बंद करा आणि प्लग काढा. तळाच्या मध्यभागी हे षटकोनी भोक आहे. सोबत मिळालेली पाव इंची किल्ली त्यात घालून दोन्ही दिशांनी मागेपुढे हलवा. बहुतेक वेळा आत चमचा, बाटलीचं झाकण नाही तर बाठ सापडते. ती चिमट्यानं काढा, हात घालू नका. आवाजच येत नसेल तर मोटर तापल्यामुळं आतल्या संरक्षक स्विचनं वीज तोडलीय. पाच-दहा मिनिटं थांबून तळाचं लाल बटण दाबा. दाबूनही उडतच राहिलं तर मोटर तपासायला न्या.

गळती कुठून आहे त्यावर उपाय ठरतो. वरून असेल तर पुटी किंवा स्क्रू, बाजूनं असेल तर नळीचा क्लॅम्प. थेट तळातून थेंब पडत असेल तर आतलं सील गेलंय. ते घरी दुरुस्त होत नाही, आणि यंत्र जुनं असेल तर बदलणंच स्वस्त पडतं.

वास आला तर आधी तोंडावरचं काळं रबरी झाकण उलटं करून बघा. सगळा चिकटा त्याच्या खालच्या अंगाला असतो. साबण आणि जुना टूथब्रश पुरे. मग बर्फाचे तुकडे आणि मूठभर जाडं मीठ दळा, शेवटी लिंबाच्या साली. ॲसिडची बाटली ओतू नका, रबर आणि धातू दोन्ही खाल्ले जातात. गणपतीला आठ-पंधरा दिवस गावी जाणार असाल तर निघण्याआधी रिकामं यंत्र भरपूर पाण्यावर मिनिटभर चालवा, म्हणजे आत लगदा राहत नाही. परत आल्यावर बटण दाबण्याआधी किल्लीनं चकती एकदा फिरवून घ्या.