माजी सैनिकाची चौकशी कोणाकडे करावी?

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण कंपन्यांमध्ये माणसे नेमण्याचे काम करता, म्हणून प्रास्ताविक टाळतो. नोकरीसाठी आलेल्या माजी सैनिकाची पूर्वसेवा कशी पडताळावी, हा आजचा विषय आहे. ही चौकशी त्याच्या जुन्या वरिष्ठांना शोधत न बसता थेट अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे जिथे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी असतात आणि ज्याला आपण ‘रेकॉर्ड्स’ म्हणतो तिथे करावी, असे माझे मत आहे.

हे मत ज्या प्रसंगातून पक्के झाले तो सविस्तर सांगतो. सातारा जिल्ह्यातील एक हवालदार २४ वर्षांची सेवा पूर्ण करून घरी आले आणि पुण्यातील एका कंपनीत गोदामाचे पर्यवेक्षक म्हणून त्यांची निवड झाली. कंपनीने पडताळणीचे काम एका खासगी संस्थेला दिले होते. तिने त्यांच्याकडे रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि दोन वरिष्ठांचे कार्यालयीन ई-मेल मागितले. हवालदारांनी डिस्चार्ज बुक, म्हणजे कार्यमुक्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, आणि पेन्शनचा आदेश पुढे ठेवला. वरिष्ठ कोठून आणायचे? कमांडिंग ऑफिसर साधारण दोन-तीन वर्षांनी बदलतात, पलटणही पीस आणि फील्ड, म्हणजे शांततेचे ठाणे आणि सीमेकडचा भाग, अशी फिरत राहते. शेवटचे साहेब बदलून गेले होते, त्यांच्या आधीचे निवृत्त झाले होते. पत्त्याच्या रकान्यात हवालदारांनी पलटणीचे नाव आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असे लिहिले. त्यावर संस्थेने विचारले की हे ठिकाण कोणत्या तालुक्यात येते. आपल्याला हसू आले, तेव्हा मलाही आले होते. परंतु लष्करी टपालाचा तो पूर्ण आणि योग्य पत्ता असतो, आणि तुकडी नेमकी कोठे आहे हे कळू नये म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो. अहवालात ‘पत्ता अपूर्ण, पडताळणी अशक्य’ असे लिहिले गेले आणि निवड रद्द झाली. त्यांच्या डिस्चार्ज बुकात चारित्र्यापुढे ‘एक्झेम्प्लरी’ हा सर्वांत वरचा शेरा होता; तो कोणी वाचलाही नाही.

याचा अर्थ पडताळणी करू नये असा मुळीच नाही. माजी सैनिक असल्याची बतावणी करून सुरक्षारक्षकाची नोकरी मिळवणारे लोक आहेत, आणि त्यांचा सर्वाधिक राग खऱ्या सैनिकालाच येतो.

वेळ संपत आल्याची खूण संयोजक करीत आहेत, म्हणून प्रत्यक्ष पद्धत भराभर सांगतो. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत पाहा, केवळ झेरॉक्सवर थांबू नका. सैनिक क्रमांक, हुद्दा, भरतीची व कार्यमुक्तीची तारीख लिहून, उमेदवाराची लेखी संमती जोडून संबंधित अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवा: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीला, हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी आणि ओळखपत्रही पाहा. १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम १३ नुसार नोंदलेले कार्यमुक्तीचे कारण नीट वाचा. मुदत पूर्ण होणे, स्वतःची विनंती आणि वैद्यकीय कारण यांपैकी कशानेही माणसाच्या सचोटीला बाधा येत नाही. वैद्यकीय श्रेणी खालची दिसली तर ते काम त्याला झेपेल का, एवढेच विचारा. नेमणूक कोठे होती, तिथे काय केले, हे खोदून विचारू नका. अनेकदा त्याला ते सांगता येत नाही. उत्तराला काही आठवडे लागू शकतात, तोवर तात्पुरती नेमणूक द्या.

२०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ या चार वर्षांच्या सैन्यभरती योजनेत मुदतीनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर, म्हणजे त्या योजनेतील सैनिक, कायम सेवेत घेतले जातात. उरलेले पंचविशीच्या आसपासचे तरुण आपल्याच दारात येणार आहेत. तेव्हा अर्जाच्या नमुन्यात ‘मागील वरिष्ठाचे नाव’ या रकान्याशेजारी ‘सैनिक क्रमांक आणि अभिलेख कार्यालय’ हा रकाना या महिन्यातच वाढवून घ्या, ही माझी विनंती आहे.